चाकावरच्या अक्षता

आमच्या घरात बाप जिवंत असेपर्यंत माणूस मोठा होत नसे. मिशा पिकू द्या, पोरं शाळेत जाऊ द्या, बाप दुकानाच्या गादीवर बसलेला असला की तुम्ही पोरगेच. मी चाळिशीला टेकलो होतो तरी प्रेसची किल्ली आप्पांच्या करदोट्याला असायची आणि माझ्या सदऱ्याचं कापडसुद्धा तेच पसंत करून आणायचे. म्हणून माझ्या मोठं होण्याची गोष्ट शाळेपासून सुरू होत नाही. शाळा मी चौथीत सोडली, म्हणजे आप्पांनी सोडवली, कारण छपाईच्या मशीनला पाय मारणारा माणूस पळून गेला होता. मी मोठा झालो त्या वर्षी, ज्या वर्षी घरात कॉम्प्युटर आला आणि सुरू होता होता बंद पडायला लागला. नात म्हणते, आजोबा, बालपणापासून लिहा, लोकांना तेच आवडतं. तिला म्हटलं, पुस्तक माझं आहे. तुला आवडेल ते तू तुझ्या पुस्तकात लिही.

पूर्व भागातल्या एका बोळात आमचा प्रेस. पुढं दुकान, मागं दोन खोल्या आणि पत्र्याचं स्वयंपाकघर. दोन्ही बाजूंना चादरींचे माग, त्यांची खडखड दिवसभर भिंतीतून यायची. त्या खडखडीत आमची ट्रेडल मशीन आपला वेगळा ठेका धरून चालायची. पहिल्यांदा ती पायानं चालायची, पुढं आप्पांनी तिला मोटर बसवली, पण मला माझा पाय उगाच हलत राहिल्यासारखा वाटायचा, अजून वाटतो. भिंतीला लाकडी खणांच्या पेट्या. एकेका खणात एकेक अक्षर, शिशाचे खिळे. ते एकेक वेचून ओळ जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळं मला सरळ वाचायच्या आधी उलटं वाचता आलं. शाळेतले मास्तर ह्यावर हसायचे. हसोत. त्यांच्या पोरीची लग्नपत्रिका मीच जुळवली, आणि त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या मजकुरातल्या चुका काढून दिल्या. दुपारी माझी बायको शालन हाक मारायची तेव्हा माझी बोटं शाईनं काळी असायची. रॉकेलनं पुसायचो, तरी कडक भाकरी मोडली की भाकरीला रॉकेलचा वास लागायचा. वर शेंगाची चटणी आणि तेल घेतलं की वास मरायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. चटणी आता शालन कुटायची, आणि आप्पा रोज एकदा म्हणायचे, "तिच्या हातची न्हाय ही." शालन रोज एकदा त्याच्यावर भांडं आपटायची. असं आमचं घर. प्रेमाचं वगैरे मी काही लिहिणार नाही, कारण ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

माझा धाकटा भाऊ विलास बी.कॉम. झालेला. मला शाळेतून काढलं त्याच्या बदल्यात त्याला शिकवलं, असं आप्पा चारचौघांत सांगायचे, आणि ते मला उद्देशून नसायचं, आलेल्या गिऱ्हाइकाला उद्देशून असायचं. त्यानं आप्पांच्या मागं लागून कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणवला. दुकानात माझ्या जुळवायच्या टेबलाची जागा त्याला दिली आणि टेबल दाराआड सरकवलं, तिथं दार उघडलं की ते माझ्या कोपराला लागायचं. पत्रिका आता पडद्यावर तयार होणार, गणपती पाहिजे तर गणपती, मोर पाहिजे तर मोर. "दादा, तू एक पत्रिका जुळवस्तोवर मी पाच करतो," विलास म्हणाला. मी म्हटलं, "पाची सारख्याच दिसतात की." आप्पा हसले नाहीत. त्यांनी निकाल दिला तो जेवताना, ताटातून डोकं वर न काढता. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांचा हंगाम सुरू होतो. त्याच्या आत कॉम्प्युटरवरचं पहिलं मोठं काम नीट उतरलं, की खिळे मोडीत घालायचे. शिशाला भाव आहे. ट्रेडलही कोणी घेईल. "मग मी काय करू?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "विलासच्या हाताखाली बस की. कागद कापायला माणूस लागतोच." ज्या पोराला मी खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं त्याच्या हाताखाली. शालननं माझ्या ताटात भाकरी वाढली, मी न मागता, आणि ती मी खाल्ली नाही.

कॉम्प्युटर उन्हाळाभर नीट चालला, हे मला कबूल करावंच लागतं. तो ज्याच्याकडून आणला तो रफिक, सात रस्त्याजवळ एका जिन्याखाली त्याचं दुकान, त्यानं सांगितलं होतं की सोलापूरच्या उन्हात डब्याचं बाजूचं झाकण काढून ठेवा, आत वारा लागू द्या. म्हणून तो डबा एका बाजूनं कायम उघडा असायचा आणि आतल्या तारा, पाट्या, एक छोटा पंखा, सगळं दिसायचं. मला ते पोट फाडून ठेवलेल्या बकऱ्यासारखं वाटायचं. मी तिकडं बघत नसे.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या भागात एकही मशीन चालत नाही. माग थांबतात, आणि अशी शांतता होते की माणसं हळू बोलायला लागतात. प्रत्येक यंत्राला धुऊन पुसून झेंडूचा हार, हळदीकुंकू, अक्षता, पुढं नारळ. दुसऱ्या दिवशी दसरा झाल्यावर ती चालू करायची. आमच्यात ही पूजा घरच्या कर्त्या पुरुषाच्या हातची. दुसऱ्या कुणाचं बोट मशीनला लागलेलं आप्पांना चालत नसे. मी थोरला म्हणून ताट धरायचं, एवढाच माझा मान. आणि आप्पांची पूजा वरवरची नव्हे. त्यांचं म्हणणं, यंत्राचा जीव चाकात असतो. जिथं चाक तिथं पूजा. ट्रेडलचं मोठं चाक, शाईच्या तबकडीखालचं दातेरी चाक, कागद कापायच्या मशीनचं चाक, सगळीकडं हळद कालवून बोटानं पार आसापर्यंत लावायची आणि वर ओल्या कुंकवाच्या अक्षता दाबायच्या. त्या वर्षी कॉम्प्युटरची पहिली खंडेनवमी. आप्पांनी वरून हार घातला, पडद्याला कुंकू लावलं, मग वाकून उघड्या बाजूनं आत बघितलं. "आरं, हितं बी चाक हाय की," ते म्हणाले, खूश होऊन. ते चाक म्हणजे तो छोटा पंखा. हळदीचं बोट आत गेलं, मग अक्षतांची चिमूट. मी ताट धरून उभा होतो. मला काय माहीत, तो पंखा कशासाठी असतो. मला वाटलं डब्याला एक पंखा लावलाय, घराला लावतात तसा. विलास त्या वेळी मित्रांकडं गेलेला. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला लोक येणार म्हणून त्यानं येऊन घाईघाईत झाकण लावलं, स्क्रू पिळले, आणि पोट बंद झालं.

दसऱ्यानंतर विलासनं बटन दाबलं. लाइट लागला, डब्यानं एकदा पीप केलं, पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, रंगीत चित्र येऊ लागलं, आणि टक्. सगळं काळं. परत दाबलं. ह्या वेळी चित्र यायच्याही आधी टक्. थोडा वेळ तसाच ठेवला की पुढच्या खेपेला जरा जास्त चाले, लागोपाठ दाबला की जरा कमी. आज मला कळतं की तो बिचारा तापत होता आणि तेच सांगत होता. तेव्हा कुणाला कळलं नाही, बी.कॉम.लाही नाही.

रफिक आला, पान खात. त्यानं वायर हलवली, प्लग बदलला, डब्याच्या पाठीला कान लावला. तेवढ्यात मी ट्रेडल चालू केली, आणि मोटर उचलताना नेहमी होतं तसं दुकानातला बल्ब मंद झाला. रफिकनं माझ्याकडं बोट केलं. "हे बघा. कुछ नै, व्होल्टेज हाय. मामाची मशीन करंट खाते."

विलास म्हणाला, "मी हेच म्हणत होतो."

"कवा म्हणत होतास?" मी विचारलं. "उन्हाळाभर दोन्ही चालले, तवा कुणी करंट खाल्ला न्हाय?"

"दादा, तुला ह्यातलं कळत नाही."

"ह्याला तरी कुटं कळतंय? डबा न उघडता दुखणं सांगतोय."

आप्पा गादीवरून म्हणाले, "मशीन बंद ठेव." मला म्हणाले. मी मोटरचा पट्टा उतरवून ठेवला. माझ्या आयुष्यात, मुहूर्त आणि मरण सोडून, ती मशीन कामाच्या दिवशी पहिल्यांदा बंद राहिली. आणि डबा? विलासनं बटन दाबलं, पांढरी अक्षरं पळाली, टक्. मी उतरवलेला पट्टा पुसत राहिलो. न बोलता माणूस किती बोलू शकतो ते विलासला माहीत होतं. तो म्हणाला, "हसू नकोस." मी म्हटलं, "हसलो न्हाय. हसायचं आसंल तर तुला सांगून हसतो."

मशीन बंदच ठेवायचा हुकूम कायम राहिला. स्टॅबिलायझर आला, भला मोठा, त्याच्यावर काटा. काटा सरळ उभा आणि डबा काळा. मग रफिक म्हणाला, जमिनीची तार खराब. अंगणात खड्डा खणला, मीठ आणि कोळसा पुरला, शालननं रोज एक बादली पाणी ओतलं. ती म्हणायची, "तुळशीला येवढं पाणी घातलं न्हाय कधी." शेवटी रफिकनं डबा स्कूटरच्या पुढ्यात ठेवून सात रस्त्याला नेला. आणि तिथं तो चालला! संध्याकाळपर्यंत चालला. रफिकनं त्यावर पत्ते खेळले. स्कूटरवर हादरे बसून आतली अक्षत सरकली असणार, दुसरं काय. पण त्यालाही उघडून बघायची गरज वाटली नाही. चालतंय म्हणजे चालतंय. तो परत घरी आणला, बोळातले सगळे खड्डे खात, आणि विलासनं बटन दाबलं.

टक्.

तेव्हा विलासनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेची मी आजही परतफेड केलेली नाही. "तिकडं चालतो, इथं चालत नाही," तो म्हणाला, आप्पांना ऐकू जाईल असं. "म्हणजे इथंच कुणीतरी काहीतरी करतंय. ज्याला तो चालायला नकोय, असं घरात कोण आहे?"

ते त्यानं दुकानात म्हटलं. दुकानात बार्शीचे एक पाहुणे बसले होते, जाडसे, आडत दुकानवाले. त्यांच्या मुलीचं लग्न, पत्रिकांचं पहिलं मोठं काम त्यांचंच, आणि ते तिसऱ्यांदा हेलपाटा मारत होते. माझं अंग पेटलं. मी खिळे चोरून विकले असते तर चोर म्हणायचं होतं, ऐकून घेतलं असतं. पण मशीन बिघडवणारा? मी यंत्राला शिवी दिली तरी नंतर पुसतो. मी रफिकला म्हटलं, "उघड. आत्ता, सगळ्यांसमोर. मी काय केलं असंल ते दिसंल."

"मामा, उघडायची गरज न्हाय, सॉफ्टवेअरचा..."

"उघडतोस का पान्यानं मी फोडू?"

त्यानं स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, बॅटरी मारली. मग हात घालून त्यानं पंखा बोटानं फिरवला. फिरला नाही. पात्यांवर हळद वाळून सिमेंट झाली होती. तिच्यात लाल अक्षता घट्ट बसलेल्या, एक दाणा पात्याच्या आणि कडेच्या मध्ये अडकलेला. दोनतीन मोकळे दाणे खाली घरंगळत होते. "ह्या पंख्यानं आतला मेन पार्ट थंड राहतो," रफिक म्हणाला. "हा फिरंना, तो तापला, डबा आपोआप बंद. कुणी केलं हे?"

बार्शीच्या पाहुण्यांनी मान लांब करून बघितलं आणि मोठ्यांदा हसले. "आवो, माझ्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला दिल्या, तुमी डब्याचंच लगीन लावून टाकलं की! मंगलाष्टकं कुणी म्हटली?" रफिक हसला, बाहेरून डोकावणारा मागावरचा कामगारसुद्धा हसला. मीही हसलो असतो. कारण आता सगळं उघड होतं, आमच्या घरात यंत्राला हळद कोण लावतं हे बोळातलं शेंबडं पोरही सांगेल. मी आप्पांकडं बघितलं. आप्पांचं तोंड विटेसारखं लाल झालं होतं. आयुष्यभर त्यांच्यावर कुणी गिऱ्हाईक हसलेलं नव्हतं. त्यांनी गळा साफ केला आणि म्हणाले,

"मी वरून कुकू लावलं फकस्त. ताट थोरल्याच्या हातात हुतं."

विलास म्हणाला, "बघा, मी म्हणत नव्हतो?" मला तो ऐकू आला पण मी त्याच्याकडं वळलो नाही. तो त्या वेळी माझ्या हिशेबातच नव्हता. मी म्हटलं, "आप्पा, ताट माझ्या हातात हुतं. बोट तुमचं हुतं."

"बापाला खोटं पाडतोस? पाहुण्याम्होरं?"

"तुमी मला चोर पाडलं, पाहुण्याम्होरंच."

"मग ह्या घरात तुझं काय न्हाय."

"न्हाय कसं? वाटणी द्या. खिळे आन् ट्रेडल. दुसरं कायबी नको."

वाटणी हा शब्द आमच्या घरात तोपर्यंत कुणी उच्चारलेला नव्हता. आप्पांची बोटं करदोट्याकडं गेली आणि तिथंच राहिली. आतल्या दारात शालन उभी होती, पीठ लागलेले हात पुढं धरून. तिनं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याच्या देखत तोंड उघडलं. म्हणाली, "आन् माझ्या माहेरची भांडी. ती मी ठेवणार न्हाय." आणि मग, तेवढ्यावर न थांबता, "मामंजी, हळद मी कालवली हुती. तुमच्या नखात चार दिवस हुती ती. जेवताना मी बघत हुते."

आप्पांनी करदोट्यावरची बोटं उचलून मुठीत मिटली. रफिकनं जुना टूथब्रश मागवून पंखा घासला, चिमट्यानं दाणे काढले, विलासनं बटन दाबलं. पांढरी अक्षरं पळाली, चित्र आलं, आणि आलं ते राहिलं. पाहुणे म्हणाले, "झालं एकदाचं." बार्शीच्या पत्रिका त्याच संध्याकाळी निघाल्या, वर मोर होता. मी ते बघितलं नाही, शालननं सांगितलं. एकाची एक वस्तू सुरू झाली आणि एकाचं घर बंद पडलं, आणि दोन्ही एकाच बटनानं, असं म्हणायला बरं वाटतं, पण ते खरं नाही. घर बटनानं बंद पडलं नाही. ते आप्पांच्या त्या ताटाच्या एका वाक्यानं पडलं.

दोन बोळ पलीकडं एक पत्र्याची शेड मिळाली. ट्रेडल टेम्पोत चढवायला मागावरचे सहा जण लागले. खिळ्यांच्या पेट्या मी आणि शालननं हातानं नेल्या, एकेक, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. विलास दारात उभा राहून म्हणाला, "दादा, शिसं आहे ते. वीक, चार पैसे मिळतील." मी म्हटलं, "तुझ्या डब्यातलं काय विकायला येईल, ते जपून ठेव." लग्नपत्रिका मला फारशा मिळाल्या नाहीत. पावतीपुस्तकं, किराणा दुकानांची बिलं, देवळाच्या वर्गणीच्या चिठ्ठ्या, ह्यावर मी पोरं वाढवली. आता लोक मोबाइलवर पत्रिका पाठवतात आणि विलासचाही धंदा बसला. मला त्याचं वाईट वाटलं, असं लिहावं म्हणून नात आग्रह करते. मी लिहिणार नाही.

आप्पा विलासकडं राहिले. कधी कधी संध्याकाळी काठी टेकत माझ्या शेडपुढून जायचे, आणि मशीनचा ठेका ऐकत दाराशी थांबायचे. आत यायचे नाहीत. मी पट्टा उतरवायचो आणि मशीन बंद करायचो. मग ते निघून जायचे. शालन म्हणायची, माणूस हायसा का राक्षस. मी म्हणायचो, त्यांनी सांगावं, अक्षता कुणी टाकल्या, मी त्यांच्यासाठी दिवसभर चालवीन. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एका बोळात दोन हट्टी माणसं, आणि मधे एक बंद केलेली मशीन, असं बरीच वर्षं चाललं.

ते गेले तेव्हा तेराव्याची पत्रिका विलासनं कॉम्प्युटरवर केली. रंगीत, वर आप्पांचा फोटो, भोवती फुलांची चौकट. खाली शोकाकुल म्हणून पहिलं त्याचं नाव, आणि माझं त्याच्याखाली. थोरल्याचं नाव धाकट्याखाली. पत्रिका माझ्या हातात पडली, मी ती वाचली, घडी घातली आणि पेट्यांपुढं जाऊन बसलो. मी माझी जुळवली. काळी शाई, पिवळा कागद, फोटो नाही, फुलं नाहीत. आप्पांचं नाव मोठ्या खिळ्यांत, उलटं, माझ्या बोटांना ते बघावं लागलं नाही. एका माणसाच्या एका तेराव्याच्या दोन पत्रिका पूर्व भागात फिरल्या आणि लोक दोन्ही हातात घेऊन जेवायला आले, कुठली खरी म्हणून विचारत. दोन्ही खऱ्या होत्या. फक्त माझ्या पत्रिकेत आप्पांच्या नावाखाली बारीक टायपात एक शब्द होता, जो विलासच्या पत्रिकेत नव्हता, कारण तो त्याला सुचलाच नाही. तो शब्द होता मुद्रक.